शांततेचा बाजारभाव

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चाच्या यादीत दर दहा-पंधरा वर्षांनी एखादी वस्तू चैनीच्या रकान्यातून गरजेच्या रकान्यात सरकते. रेडिओ, पंखा, दूरचित्रवाणी संच, मोबाईल या सर्वांचा प्रवास याच वाटेने झाला. आता त्याच रांगेत आणखी एक वस्तू येऊन उभी राहिली आहे. कान पूर्ण झाकणारे, बिनतारी आणि भोवतालचा गोंगाट शमवणारे हेडफोन, ज्यांना बाजारात ‘नॉईज कॅन्सलिंग हेडफोन’ म्हणतात, ते आता पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांपुरते राहिलेले नाहीत. कुरुंदवाडहून इचलकरंजीला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.त आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतही ते दिसू लागले आहेत. उत्तम दर्जाच्या अशा संचाची किंमत तीस ते चाळीस हजार रुपयांच्या घरात जाते. ॲपल कंपनीचा ‘एअरपॉड्स मॅक्स’ हा संच डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला तेव्हा भारतातील त्याची किंमत ५९,९०० रुपये होती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे महिन्याचे मानधन ज्यापुढे तोकडे पडावे अशी ही रक्कम आहे.

‘सर, एवढे पैसे घालावेत का?’ असा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकाला वर्गाबाहेर हमखास विचारला जातो. प्रश्न खरेदीचा आहे, आणि खरेदीच्या प्रश्नाला खरेदीचेच उत्तर द्यावे, उपदेश करू नये, एवढे पथ्य शिक्षकाने पाळले पाहिजे. तथापि या वस्तूचे वैशिष्ट्य असे की, ती घेणारा ग्राहक दोन वस्तूंचे पैसे एकदम मोजत असतो. एक म्हणजे संगीत किंवा व्याख्यान ऐकण्याचे साधन आणि दुसरी म्हणजे शांतता. पहिलीचा भाव ठरवणे फारसे अवघड नाही. दुसरी मुळात विकाऊ असावी का, हाच वादाचा विषय आहे. म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा करणे इष्ट.

यंत्राची करामत आणि मर्यादा

आवाजाने आवाज मारण्याची कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले. परंतु ती कागदावरून कानावर यायला पुढे अर्धे शतक लागले. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात अमर बोस या प्राध्यापकांनी विमान कंपनीने दिलेले हेडफोन कानाला लावले. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे आकडेमोड आरंभली. या बोस यांचे वडील म्हणजे कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले एक बंगाली स्वातंत्र्यसैनिक. बोस यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी असे हेडफोन बाजारात आणले. ही जन्मकथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण या यंत्राचे बहुतेक गुणदोष तिच्यातच सापडतात. त्याचा जन्म विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी झाला आणि आजही त्याचे खरे सामर्थ्य त्याच जातीच्या आवाजाविरुद्ध दिसते.

या हेडफोनच्या आत-बाहेर सूक्ष्म मायक्रोफोन असतात. ते भोवतालचा आवाज टिपतात आणि आतील चिप त्याची नेमकी उलटी लहर निर्माण करते. मूळ लहरीचा जिथे उंचवटा, तिथे या लहरीचा खळगा. दोन्ही एकत्र आल्या की परस्परांना गिळून टाकतात. हा मेळ जमणे लहरीच्या लांबीवर अवलंबून असते. १०० हर्ट्झच्या जाड आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिच्याशी जुळवून घ्यायला यंत्राला उसंत मिळते. ४,००० हर्ट्झच्या बारीक आवाजाची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर लांब. तिथे किंचित चूक झाली तरी मेळ बिघडतो. त्यामुळे बसचे इंजिन, छताचा पंखा, कूलर, पाण्याची मोटार यांचा सततचा आवाज चांगले यंत्र २० ते ३० डेसिबलने खाली आणते. उलट कुकरची शिट्टी, पडलेले भांडे, तान्ह्या मुलाचे रडणे यांना थोडेफार अडवतात त्या केवळ कानावरच्या गाद्या. माणसाचे बोलणे या दोहोंच्या मध्ये पडते; त्याचा घुमारा कमी होतो, पण शब्द बऱ्याच अंशी पोहोचतातच. शेजारच्या खोलीतील गप्पा बंद व्हाव्यात म्हणून हे यंत्र घेणाऱ्याची निराशा होणे ठरलेले आहे.

आणखी एक साधी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. हे यंत्र कानाभोवती गादी घट्ट बसण्यावर विसंबून असते, आणि चष्म्याची काडी त्या गादीखाली फट पाडते. शिक्षक आणि कारकून या दोन्ही वर्गांत चष्मेकऱ्यांचे प्रमाण किती, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून चष्म्यासह, आणि दोन मिनिटे नव्हे तर अर्धा तास, संच डोक्यावर ठेवून पाहिल्याविना पैसे मोजू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत कान झाकून बसणे ही शिक्षाच असते, हेही लक्षात घ्यावे.

तानपुऱ्याची कसोटी

ऐकण्याच्या साधनाची परीक्षा अखेर ऐकण्यानेच करायची असते, आणि या बाबतीत कुरुंदवाडला परगावच्या जाणकाराची गरज नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ साली याच गावी झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने चेहरा भाजून त्यांची दृष्टी अधू झाली, आणि मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली त्यांनी कानाच्या आणि कंठाच्या बळावर आयुष्य उभे केले. याच मिरजेत सतार आणि तानपुरे घडवण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून, तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा आमच्या भागातील श्रोत्याने हेडफोनची परीक्षा तानपुऱ्यावरच करावी हे उचित.

कसोटी सोपी आहे. परिचित गायकाचे एखादे संथ ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावावे आणि गाणे सुरू होण्यापूर्वीचा तानपुरा ऐकावा. चारही तारा वेगळ्या कळतात का? जव्हारीची बारीक झळाळी कानावर येते, की खर्जाच्या घुमाऱ्यात ती विरून जाते? बाजारातील अनेक संच जाड आवाज मुद्दाम उठावदार करून विकले जातात, कारण दुकानात पहिल्या मिनिटाला तो भारदस्त वाटतो. एका तासानंतर तोच आवाज कंटाळा आणतो. बहुतेक महाग संचांत मोबाईलवरून हा जाडपणा कमी करता येतो. पण तसा तो करता येतो हे ठाऊक नसणारे ग्राहक तक्रारच करीत राहतात.

बिनतारी प्रक्षेपणाने गाणे बिघडते का, असेही विचारले जाते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनीसाठी सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती लागते. ब्लूटूथवर ती आवळून पाठवावी लागते. सोनीच्या ‘एलडॅक’ या पद्धतीत तिची कमाल मर्यादा ९९० किलोबिट आहे, आणि ॲपलच्या फोनमध्ये ती पद्धत नाही. तरीही शांत खोलीत लक्षपूर्वक ऐकणाऱ्या मोजक्या श्रोत्यांखेरीज इतरांनी या फरकाची चिंता करू नये. आपल्याकडचा अनमोल ठेवा पुष्कळदा ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून किंवा आकाशवाणीच्या फितींवरून उतरवलेला असतो. तिथे उणीव राहते ती मूळ मुद्रणात, ब्लूटूथमध्ये नव्हे.

या कसोटीला एक दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक बोधप्रद आहे. काळी एकच्या स्वरात लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो, आणि तो अखंड चालू असतो. संथ, जाड आणि अखंड आवाज पुसणे हेच तर या यंत्राचे काम. समोर कोणी खराखुरा तानपुरा छेडीत असता हे हेडफोन कानाला लावले, तर त्याच्या खर्जाचा जो पाया तोच यंत्र आधी काढून घेईल आणि वरची झळाळी तेवढी अर्धवट शिल्लक ठेवील. नाद आणि गोंगाट यांतला विवेक यंत्राला नसतो. तो माणसाने करायचा असतो, आणि पुढील प्रश्न नेमका त्याच विवेकाचा आहे.

तासाचा हिशेब

परंतु त्याआधी पैशांचा हिशेब पुरा करू. टिकाऊ वस्तूची किंमत तिच्या पावतीवरच्या आकड्यावरून नव्हे, तर वापराच्या तासांवरून मोजावी. ३०,००० रुपयांचा संच रोज दोन तास, वर्षातून ३०० दिवस, असा चार वर्षे वापरला तर २,४०० तास होतात. दर तासाला साडेबारा रुपये पडले. रोज बसने दूर जाणाऱ्या नोकरदाराला हे जड वाटणार नाही. पण तोच संच दिवसाकाठी वीस मिनिटे वापरला गेला, तर चार वर्षांत तास भरतात ४०० आणि प्रत्येक तासाला ७५ रुपये मोजावे लागतात. वस्तू तीच, ती कोणासाठी स्वस्त आणि कोणासाठी महाग, हे वापर ठरवतो.

आता शेवटच्या रुपयाचा विचार. सीमान्त उपयोगिता घटत जाते हा नियम अकरावीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो, आणि या बाजारात तो डोळ्यांनी दिसतो. सोनीचा ‘डब्ल्यूएच-सीएच७२०एन’ हा संच २०२३ मध्ये भारतात ९,९९० रुपयांना आला. त्याच कंपनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम६’ २०२५ मध्ये आला तो ३९,९९० रुपयांना. म्हणजे किंमत चौपट. महाग संचात गोंगाट अधिक शमतो, बांधणी सरस आहे, स्वर अधिक निवळ आहे, हे निःसंशय. पण लाभही चौपट होतो असे कोणी म्हणणार नाही. वजनाच्या बाबतीत तर स्वस्त संचच पुढे आहे: तो १९२ ग्रॅमचा, महाग संच २५४ ग्रॅमचा, आणि एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. दोन तास मानेवर वागवण्याच्या वस्तूत हा फरक क्षुल्लक नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सामान्य वेतनदार श्रोत्याला पहिल्या आठ-दहा हजार रुपयांत बहुतेक लाभ मिळून जातो. पुढचे वीस-तीस हजार शेवटच्या थोड्याशा सुखासाठी आणि पुष्कळदा चारचौघांत दिसण्यासाठी असतात. दिसण्यासाठी केलेल्या खर्चाची मीमांसा थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्येच करून ठेवली आहे.

विद्यार्थ्यांना ही किंमत जाणवत नाही, कारण ती हप्त्यांत विभागलेली असते. ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांनी भुलणाऱ्यांनी एवढे स्मरणात ठेवावे की, शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात कुठेतरी दडलेले असतेच.

खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारावयाचे प्रश्नही लिहून न्यावेत. कानावरच्या गाद्या दोन-तीन वर्षांत फाटतात. त्या सुट्या मिळतात का? आतला सेल वापराने आणि वयानेही थकतो. तो बदलून मिळतो का, आणि त्यासाठी संच कुठे पाठवावा लागतो? सेल संपल्यावर साधी तार जोडून ऐकण्याची सोय आहे का? संच घडी होऊन पिशवीत मावतो का? या शेवटच्या प्रश्नाला हसू नये. सोनीच्याच ‘एक्सएम५’ या संचाची घडी होत नव्हती आणि पुढच्या ‘एक्सएम६’मध्ये ती सोय कंपनीला परत आणावी लागली.

खरा लाभ कोणता?

या वस्तूचा सर्वांत मोठा लाभ मात्र जाहिरातीत क्वचितच सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकला तर कानाला धोका नाही. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची शक्ती दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो: ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला अवघे अडीच तास. एस.टी.त साधे हेडफोन लावणारा मुलगा काय करतो? इंजिनाच्या आवाजावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज चढवतो. रोजच्या दोन तासांच्या प्रवासात तो आठवड्याची मर्यादा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संपवीत असतो. कानातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान वेदना न होता होते आणि उमगते तेव्हा उशीर झालेला असतो.

इंजिनाची घरघरच कमी झाली तर गाणे हळू आवाजात ऐकता येते. या दृष्टीने पाहिल्यास हे हेडफोन चैन नसून कानाचे एक संरक्षण ठरतात. पण अट एकच: ते लावल्यावर आवाज खरोखर कमी केला पाहिजे. शांततेवर पुन्हा मोठा आवाज ओतणाऱ्याला कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. तसेच हे हेडफोन रस्त्यावर चालताना किंवा वाहन चालवताना वापरू नयेत. उसाच्या हंगामात शिरोळ तालुक्याच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते. तिथे कान हेच पाठीमागचे डोळे असतात.

गोंगाटाची किंमत कोणी मोजावी?

इथवर हिशेब ग्राहकाचा झाला. आता ज्या गोंगाटापासून ग्राहक पळू पाहतो, त्या गोंगाटाकडे वळू. तो आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी निर्माण करतो आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. यंत्रमागाच्या खडखडाटात इचलकरंजीचा कामगार पाळीच्या पाळी उभा राहतो. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गोंगाटामुळे येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातले गेले होते. कापडाच्या भावात मात्र त्या कानांची किंमत धरलेली नसते. या कामगाराला चाळीस हजारांच्या हेडफोनची गरज नाही, किंबहुना ते त्या कामासाठी बनलेलेच नाहीत. त्याला काही रुपयांचे फोमचे बोळे किंवा कान झाकणारी साधी टोपणे, आणि ती वापरली जावीत असा आग्रह, एवढेच हवे आहे. ज्याच्या कानावर सर्वाधिक गोंगाट आदळतो तो शांततेच्या बाजारात ग्राहक म्हणून उभाच राहू शकत नाही.

दुसरे उदाहरण उत्सवांचे. आमच्या जिल्ह्यात मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. या शब्दाचा इतिहास पाहिला तर मन विषण्ण होते. रे डॉल्बी हा अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता. नंतर लंडनमध्ये त्याने जी कंपनी काढली, तिचे नाव झाले ते ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या शोधामुळे. ज्याने आयुष्यभर गोंगाट काढून टाकण्याचे काम केले, त्याच्या नावाने आम्ही खिडक्यांची तावदाने हादरवणारा आवाज ओळखतो. त्या भिंतींशी त्याच्या कंपनीचा काही संबंधही नाही. आणि या आवाजापुढे महागातले महाग हेडफोनही हात टेकतात, कारण तो केवळ कानांतून शिरत नाही. तो छातीतून आणि हाडांतून आत जातो.

मग ही किंमत मोजावी कोणी? या प्रश्नावरचा सर्वांत प्रसिद्ध निबंध रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये लिहिला. १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यात त्यांनी लंडनच्या एका मिठाईवाल्याचा खटला चर्चेला घेतला आहे. त्याचे खलबत्ते वर्षानुवर्षे एका जागी चालत होते. शेजारच्या डॉक्टराने त्या भिंतीला लागून रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून तो न्यायालयात गेला. १८७९ मध्ये निकाल डॉक्टराच्या बाजूने लागला. कोस यांचे म्हणणे असे की, हानी दोन्ही बाजूंनी असते: आवाज चालू ठेवला तर डॉक्टराची, बंद केला तर मिठाईवाल्याची. दोघे भेटून सौदा करू शकत असतील तर उभयपक्षी स्वस्त पडेल तो मार्ग निघेल. हेडफोनचा विक्रेता याच युक्तिवादाचा सोयीस्कर अर्धा भाग आपल्या गळी उतरवतो. त्याचे सांगणे असे की, मिरवणूक थांबवण्यापेक्षा तुम्ही कान झाका, ते स्वस्त आहे.

पण कोस यांचा उरलेला अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सौदा दोघांत होतो. एका मंडळात आणि पाचशे घरांत होत नाही. पाचशे घरांतील प्रत्येकाने हेडफोन घ्यायचे म्हटले, तर दहा हजारांच्या दरानेही घरटी एक धरून ५० लाख रुपये होतात. ध्वनिवर्धकाची कळ फिरवायला एक रुपयाही लागत नाही. स्वस्त मार्ग कोणता, हे वेगळे सांगायला नको. शिवाय हृदयविकाराचा रुग्ण, नुकती बाळंत झालेली स्त्री, पाळण्यातले मूल, गोठ्यातले जनावर यांच्या कानांना हेडफोन लावता येत नाहीत. अशा ठिकाणी सौद्याची जागा कायदा घेतो, आणि कायदा आपल्याकडे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. राज्य सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी तक्रारीची दखल घ्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ज्या कुरुंदवाडात गणेशोत्सवात मशिदींमध्येही गणपती बसतो, तेथे शांततेचा प्रश्न कोणत्याही एका धर्माविरुद्धचा नाही, हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

कान झाकले, तोंडही मिटले

आणि इथेच या वस्तूचा खरा धोका आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक सूत्र मांडले. कोणतीही व्यवस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: एक निघून जाण्याची, दुसरी आवाज उठवण्याची. ज्यांना दर्जाची सर्वांत अधिक चाड असते तेच प्रथम निघून गेले, तर आवाज उठवायला कोणी उरत नाही आणि व्यवस्था अधिकच बिघडते. सरकारी शाळांचे असे झाले, सार्वजनिक रुग्णालयांचे झाले, नळाच्या पाण्याचे बाटलीने झाले. आता शांततेचीही पाळी आली आहे. गावात अर्ज लिहू शकणारा, नियमाचा क्रमांक सांगू शकणारा वर्ग कोणता? शिक्षक, कारकून आणि शिकलेली मुले. हप्त्याने हेडफोन घेणारा वर्गही तोच. त्याने कान झाकून घेतले की गावातील सर्वांत प्रभावी तक्रारदार हजर असूनही गैरहजर होतो.

१९७९ मध्ये पहिला वॉकमन बाजारात आला तेव्हा त्याला हेडफोन जोडण्याच्या दोन जागा होत्या. सोनीचे प्रमुख अकिओ मोरिटा यांना एकट्यानेच ऐकत बसणे असभ्यपणाचे वाटले होते. पुढे ती दुसरी जागा नाहीशी झाली. त्याहून जुना आदर्श आमच्या गावचाच आहे. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या आधारावर. दरबाराच्या भिंतीआड कोंडलेले गाणे त्यांनी सामान्य माणसांच्या सभेत आणून बसवले. चांगले ऐकणे ही सर्वांच्या हक्काची गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ होता. शांतता ही त्या ऐकण्याची पहिली अट होय, आणि म्हणून तीही सर्वांच्याच हक्काची आहे.

ती एकत्रितपणे मिळवता येते याचा दाखलाही दूरचा नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी कोणालाही महागडे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. ग्रामस्थांचा निर्णय लागला.

तेव्हा विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर असे. रोज दोन तास बसमध्ये जात असतील आणि त्या वेळात काही ऐकायचे असेल, तर आठ-दहा हजारांचा हलका संच घ्यावा, रोखीने घ्यावा, चष्मा लावून पाहून घ्यावा आणि आवाज खालीच ठेवावा. चाळीस हजारांचा संच परवडत असेल आणि कान तयार असेल तर त्यालाही हरकत नाही. पण तो ऐकण्यासाठी घ्यावा. गोंगाटापुढे मान तुकवण्यासाठी नव्हे. रात्री दहानंतर चौकात ध्वनिवर्धक चालू राहिला, तर हेडफोन बाजूला ठेवून पोलिसांच्या ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. पुढच्या उत्सवाच्या शांतता समितीच्या बैठकीला शिक्षकांनी आणि कारकुनांनी जाऊन बसावे. हेडफोनची किंमत प्रत्येकाने आपापल्या खिशातून मोजावी. शांततेची किंमत मात्र गोंगाट करणाऱ्याकडूनच वसूल झाली पाहिजे.